जुन्या बिल्डिंगचं काँक्रीट नव्या बिल्डिंगमध्ये वापरू द्यावं का? (ठाणे, पुनर्विकास)

नौपाड्याची_मेधा | शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नौपाड्यात, तळमजला अधिक चार, १९८४ सालची. सगळ्यांनी घरं रिकामी केली आहेत, पुढच्या महिन्यात पाडकाम सुरू होईल. मी सोसायटीची सेक्रेटरी.

परवाच्या मीटिंगमध्ये आर्किटेक्टने प्रस्ताव मांडला की पाडलेल्या बिल्डिंगचं काँक्रीट फोडून त्याची खडी करू आणि नव्या कामात काही ठिकाणी तीच वापरू. एवढं ऐकल्याबरोबर गलका झाला. "चाळीस वर्षांनी नवीन घर मिळतंय, तेही जुन्या मलब्याचं?" असं एक काका उभं राहून म्हणाले आणि पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

खाडीकाठी डेब्रिजचे ढीग पडलेले मला बघवत नाहीत, त्यामुळे माझं मन प्रस्तावाच्या बाजूने आहे. पण २८ कुटुंबांच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. शेवटच्या दिवशी आमच्या रिकाम्या घरात गेले होते. हॉलच्या छताचा पोपडा पडलाय, आतली सळई दिसते, नखाने खरवडली तर तांबडे पापुद्रे निघतात. हेच काँक्रीट परत वापरायचं?

पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आहे. ज्यांनी असं काम केलंय किंवा पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: कुठे चालतं, कुठे चालत नाही, आणि आम्ही लेखी काय मागून घ्यायचं?

कळवेकर | ९.३२

नाही म्हणून सांगा. घर आयुष्यात एकदा होतं. त्यात प्रयोग नकोत.

चिऊ_घोडबंदर | ९.४०

आमच्याकडेही दोन वर्षांत हे येणार आहे. वाचतेय.

विक्रम_स्ट्रक्चरल | ११.०५

मेधाताई, चांगला प्रश्न आणि योग्य वेळी विचारलात. पाडकाम झाल्यावर विचारला असतात तर उत्तराचा उपयोग नव्हता, त्याचं कारण पुढे येईलच.

हा प्रयोग राहिलेला नाही. काँक्रीटमधल्या खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत पाडकामातून निघालेल्या खडीला जागा दिली आहे, आणि मर्यादाही घातल्या आहेत. त्यात दोन प्रकार वेगळे धरलेत. नुसत्या काँक्रीटपासून केलेली खडी हा एक. विटा, गिलावा, टाइल्स असं सगळं मिसळलेल्या राडारोड्याची खडी हा दुसरा. हा दुसरा प्रकार फक्त एम१५ च्या खालच्या हलक्या, म्हणजे कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये चालतो (एम पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो), सळईच्या कामात अजिबात नाही.

शुद्ध काँक्रीटची खडी हलक्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के चालते. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम२५ ग्रेडपर्यंतच. आता ठाण्याचा विचार करा. काँक्रीट बांधकामाचं मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या सळईच्या काँक्रीटला किमान एम३० लागतं. तुमची नवी बिल्डिंग उंच होणार, कॉलम तर त्याच्याही वरच्या ग्रेडचे असतील. म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब हा विषय मानकानेच बंद केलाय. त्या काकांना हे आधी सांगा, अर्धा गलका तिथेच थांबेल.

उरतं काय? पायाखालचं पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), प्लिंथच्या आतली भर, आवारातला रस्ता, पेव्हर ब्लॉक, कर्ब, गटाराचा तळ. हे कमी नाही.

कळवेकर | ११.२०

विक्रम साहेब, कागदावर सगळं बरोबर असतं. शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. मी तेव्हा मुंब्र्याहून रोज अपडाऊन करायचो. दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये कुणी बोलत नव्हतं. त्यामुळे "थोडं स्वस्तातलं मटेरियल" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

विक्रम_स्ट्रक्चरल | ११.४४

कळवेकर, तुमची भीती मला मान्य आहे. तो दिवस आम्ही व्यवसायातले लोकही विसरलेलो नाही. पण ती इमारत बेकायदा होती, तिथे डिझाइन, मंजुरी, देखरेख यांपैकी काहीच धड नव्हतं. तसं बांधकाम नव्या कोऱ्या खडीनेही पडतं. म्हणूनच मी "वापरा" एवढंच म्हणून थांबत नाहीये. कुठे, किती आणि कोणत्या टेस्टनंतर, हे तिन्ही लेखी हवं.

सुप्रिया_ऐरोली | दुपारी १२.१५

आमचा अनुभव कडू आहे, तो मेधाताईंच्या कामी यावा म्हणून सांगते.

आमच्या सोसायटीने चार वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. पुरवठादाराने डेब्रिजपासून केलेले म्हणून सांगितलं, आम्हाला अभिमानही वाटला. पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात ब्लॉकच्या कडा फुगून सुटायला लागल्या. गाडी गेली की भुगा. मी एक ब्लॉक उचलून फोडला, तर आत पांढरे खडूसारखे तुकडे, विटेचे लाल कण आणि चक्क लाकडाची एक कपची! ते पांढरे तुकडे पीओपीचे होते. घरोघरच्या फॉल्स सीलिंगचं पीओपी काँक्रीटबरोबरच क्रशरमध्ये गेलं होतं.

टेस्ट रिपोर्ट मागितला तर एकच झेरॉक्स आली, तीही दुसऱ्याच कामाची. शेवटी सगळे ब्लॉक काढून नवीन बसवले, खर्च दोनदा झाला.

विक्रम_स्ट्रक्चरल | १२.३८

सुप्रियाताई, तुम्ही ब्लॉक फोडून आत पाहिलंत हे फार बरं केलंत. पीओपी म्हणजे जिप्सम, म्हणजे सल्फेट. ओल मिळाली की सिमेंटशी त्याची अभिक्रिया होते, आतल्या आत पदार्थ फुगतो आणि काँक्रीट फाटतं. पहिल्या वर्षी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतं. बिल्डिंग पाडायच्या आधीच पीओपी वेगळं काढायला हवं. एकदा सगळं एका ढिगात गेलं की कुणालाही निवडता येत नाही.

मुकादमाचा_मुलगा | २.०५

यावर मी बोलू शकतो. माझे वडील पाडकामाचे मुकादम होते, कॉलेजच्या सुट्टीत मीही घमेली उचलली आहेत.

पाडकामाचं अर्थकारण समजून घ्या. ठेकेदाराला पैसा मिळतो सळईचा, सागवानी दारांचा, खिडक्यांच्या ग्रिलचा, पितळी नळांचा. काँक्रीट ही त्याच्या दृष्टीने अडगळ, लवकर उचलून लांब नेऊन टाकायची. त्यामुळे पोकलेन लावून वरून खाली सगळं एकत्र लोळवतात. सळई ओढून काढली की बाकीचा ढीग डंपरमध्ये.

पूर्वी असं नव्हतं. वडिलांच्या वेळी हाताने पाडायचे. आधी दारं-खिडक्या, मग लाद्या, मग भिंती, शेवटी स्लॅब. माझी आई विटा सोलायची. डाव्या हातात वीट, उजव्या हातात लोखंडी पट्टी, चारी बाजूंचा माल चार फटक्यांत खाली. धड विटांची थप्पी एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, चुरा तिसरीकडे. तिन्हीला गिऱ्हाईक असायचं. संध्याकाळी आईच्या बोटांची पेरं सिमेंटने फाटलेली असायची, ती खोबरेल लावायची. त्या कामाला चांगली मजुरी कधी मिळाली नाही, हे मला अजून लागतं.

ताई, करारात पाडायचा क्रम लिहून घ्या. पीओपी, लाकूड, टाइल्स, प्लंबिंग आधी बाहेर. मग विटांच्या भिंती. काँक्रीटचा सांगाडा एकटा उभा राहिला पाहिजे, मगच त्याला मशीन लावायचं. वेळ जास्त लागेल, ठेकेदार कुरकुर करेल. आवारात ढिगांच्या जागा चुन्याने आखून घ्या.

चिऊ_घोडबंदर | २.२०

तुमच्या आईंबद्दल वाचून गलबलून आलं.

चरईचे_आजोबा | ४.३०

वय वर्षे ७९. पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होतो.

मुलांनो, पडक्या मालाचा उपयोग ही आपल्याकडची जुनी रीत आहे. चुना मळायच्या घाणीत भाजक्या विटांची पूड घालायचे, तिला सुरखी म्हणायचे. बैल घाणीभोवती फिरतोय, दगडी चाक चरातून गोल जातंय, आणि चुना-सुरखी लोण्यासारखी मऊ होतेय, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. सुरखी ही नुसती भर नसे. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळून घट्ट होते आणि तो चुना ओलीतही टिकतो. आज सिमेंटमध्ये राख घालतात, त्यामागेही हेच शास्त्र.

आणि गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा कशाचा असतो? विटांच्या तुकड्यांचाच. तुमच्या-माझ्या डोक्यावर चाळीस वर्षं तुटक्या विटा आहेत आणि त्याच पाणी अडवत आल्या आहेत. हे तुमच्या सभेतल्या काकांना माझ्या नावाने सांगा.

अनुजा_के | ५.०२

आजोबा, किती सुंदर लिहिलंत! आमची आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची ते आठवलं.

मुकादमाचा_मुलगा | ५.१५

गोधडी शिवतानाही आजी विरलेला भाग कापून टाकायची आणि धड तेवढंच घ्यायची. इथे नेमकी तीच निवड होत नाही.

दिव्याचा_आगरी | रात्री ८.४०

सगळे खडीबद्दल बोलताय, वाळूकडे कुणी बघितलं नाही.

मेधाताई, १९८४ ची बिल्डिंग आणि ती ठाण्यात. वाळू कुठली असणार? खाडीची. माझे आजोबा आणि चुलते रेती काढायचे, हातपाटीने. होडी उभी करायची, बांबू रोवायचा, बादली घेऊन बुडी मारायची, तळाची रेती भरायची, वरचा माणूस दोर ओढायचा. दिवसाला किती बुड्या व्हायच्या, मोजदाद नाही. माझ्या एका चुलत्याचे कान त्यातच गेले. मुंब्रा रेतीबंदरला होड्या लागायच्या आणि तिथून ट्रक भरून शहरात.

ती रेती खाऱ्या पाण्यातली. गोड्या पाण्याने धुवायची असते, पण घाईच्या कामात किती जण धुवायचे? आमच्या आळीतल्या त्या काळच्या घरांच्या भिंतींना अजून पांढरं मीठ फुटतं. तुम्ही नखाने सळईचे पापुद्रे काढलेत ना, मला वाचताक्षणी मीठच आठवलं. ते मीठ त्या काँक्रीटमध्ये अजून आहे. खडी केली म्हणून ते जाणार आहे का? विक्रम साहेबांनी सांगावं.

विक्रम_स्ट्रक्चरल | ९.२५

भाऊ, सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही काढलात. मी सकाळीच लिहायला हवा होता.

मीठ जात नाही. जुन्या खडीला जुना सिमेंटचा माल चिकटलेला असतो आणि मिठातलं क्लोराइड त्या मालात असतं. आयएस ४५६ मध्ये मर्यादा आहे: सळईच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरला एकूण ०.६ किलो क्लोराइड, सळई किंवा दुसरं लोखंड नसलेल्या काँक्रीटमध्ये ३ किलो. पाचपट फरक आहे, कारण मीठ काँक्रीटपेक्षा सळईला जास्त खातं. म्हणून ठाणे, कळवा, मुंब्रा, जुनी नवी मुंबई इथल्या त्या काळच्या इमारतींची खडी सळईपासून लांबच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. मानक २० टक्के म्हणतं तिथेसुद्धा.

सळई गंजण्याचं दुसरं कारण कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्मीपणा कमी होणं. पोपडा पडलेल्या छतात दोन्ही असू शकतं. पाडायच्या आधी वेगवेगळ्या मजल्यांवरून कोअर (काँक्रीटचे गोल कापलेले नमुने) काढून लॅबमध्ये क्लोराइड आणि सल्फेट तपासून घ्या.

त्याच चिकटलेल्या मालामुळे ही खडी पाणी फार पिते. आपला काळा बेसॉल्ट जवळजवळ पाणी पीत नाही. ही कोरडी खडी मिक्सरमध्ये टाकली तर काँक्रीटचं पाणी ओढून घेते, माल कोरडा पडतो, मग कामगार वरून पाइप धरतो. ताकद तिथे जाते. मानकात पाणी शोषण्याची नेहमीची मर्यादा ५ टक्के आहे. या खडीला १० टक्क्यांपर्यंत सवलत आहे, पण आधी भिजवून घ्यायच्या अटीवर. रात्रभर भिजवा, सकाळी वरचं पाणी निथळू द्या, मग वापरा.

कळवेकर | ९.५०

हे पटलं. कॉलम-स्लॅबला हात लावणार नसतील तर माझा विरोध नाही. पण भिजवतात की नाही हे कोण बघणार?

दीपा_वाशी | रविवार, सकाळी ८.००

बघणारं माणूस सोसायटीनेच ठेवावं लागतं, दुसऱ्या कुणावर टाकून चालत नाही.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. क्रशर सोसायटीच्या आवारात लावू देऊ नका. आमच्या शेजारच्या प्लॉटवर लावला होता. माझ्या मुलाला दमा आहे, तीन आठवडे खिडक्या बंद करून राहिलो, तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसायची. नौपाड्याच्या गल्ल्या तर त्याहून अरुंद. साइटवर पाणी मारत मोठे तुकडे करा, खडी प्रक्रिया केंद्रावर करून घ्या.

दुसरी गोष्ट खाडीची. हिवाळ्यात मी नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या बाजूला फ्लेमिंगो बघायला जाते. रात्रीतून टाकलेले डेब्रिजचे ढीग कांदळवनाच्या कडेला दिसतात. त्याखाली चिखल दबतो, भरतीचं पाणी आत यायचं थांबतं, झाडं उभ्याउभ्या वाळतात. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं, २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनं तोडण्याला आणि तिथे भराव टाकण्याला बंदी घातली. तरी ढीग पडतात, कारण लांब नेण्यापेक्षा जवळ टाकणं स्वस्त. मेधाताई, तुमचा एक डंपरही तिथे जाऊ देऊ नका, मी हात जोडून सांगते.

वकील_समीर | १०.१०

दीपाताईंच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्यावर तो वेगळा करण्याची जबाबदारी टाकली होती: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-माल. काम सुरू करण्याआधी महापालिकेकडून आराखडाही मंजूर करून घ्यावा लागायचा.

२० टन म्हणजे किती? १०० चौरस मीटरचा पाच इंची स्लॅब धरा. साडेबारा घनमीटरच्या वर काँक्रीट, वजन ३० टन. तुमचा एक मजलाच मर्यादा ओलांडतो.

२०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित झाले, अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी थेट टाकली आहे. तुमच्या विकासकाचं क्षेत्र किती ते विचारा. प्रत्येक डंपरची पावती, गाडी नंबर आणि केंद्रावरचं वजन सोसायटीला मिळालं पाहिजे, असं कलम करारात घाला.

हिशेबी_माणूस | ११.३०

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून विचारतो. हे स्वस्त पडतं का?

मुकादमाचा_मुलगा | ११.४८

सरसकट नाही. वेगळं काढायची मजुरी वाढते, केंद्रापर्यंतचं भाडं लागतं, टेस्टचा खर्च. त्या बदल्यात नवी खडी तेवढी कमी आणावी लागते. शिळफाट्याजवळ दायघरच्या बाजूला केंद्र आहे, पण घोडबंदरच्या टोकाहून तिथवर डंपर नेला तर हिशेब फिरतो. ताईंना नौपाड्यातून त्यातल्या त्यात बरं. स्वस्त पडेल म्हणून करू नका, वाईट मालाची सुरुवात तिथूनच होते.

दिव्याचा_आगरी | दुपारी १२.०५

आणि ती नवी खडी येते कुठून? डोंगरातून. पारसिकचा डोंगर कसा खाल्लाय ते ठाण्या-बेलापूरच्या रस्त्यावरून कुणालाही दिसतं. लहानपणी सुरुंग लागले की आमच्या घरातली भांडी मांडणीवरून पडायची. एक डंपर खडी वाचली तर तेवढा डोंगर राहिला, मला एवढं पुरेसं आहे.

नौपाड्याची_मेधा | पुढचा रविवार, रात्री ९.१५

सभा झाली. उशीर झाला तरी आधी तुम्हा सगळ्यांना सांगायला बसले.

पहिल्यांदाच सांगितलं की कॉलम, बीम, स्लॅब, पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा यांत जुनी खडी येणार नाही. विकासकाने ते तिथेच लेखी दिलं. मग आजोबांचा कोबा सांगितला. ओरडणारे काका हसले आणि म्हणाले, "माझ्या गच्चीवर होताच की तो." वातावरण बदललं. जुनी खडी पायाखालच्या एम१० पीसीसीत आणि आवारातल्या रस्त्याच्या थरात वापरायची असं ठरलं. पेव्हर ब्लॉकचं आम्ही आत्ता थांबवलं, सुप्रियाताईंचा अनुभव वाचून दाखवल्यावर कुणी तयार होईना. त्यावर नंतर बघू.

कोअर टेस्ट पुढच्या आठवड्यात, सहा ठिकाणांहून. क्रशर आवारात नाही. पाडायचा क्रम करारात जसाच्या तसा घातला. भिंती आणि टाइल्स हाताने काढायच्या, आणि त्या कामावरच्या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी व हातमोजे, हे कलम आम्ही तीन बायकांनी आग्रहाने घालून घेतलं.

दोघे शेवटपर्यंत विरोधात राहिले. त्यांची नोंद इतिवृत्तात घेतली आहे.

विक्रम साहेब, एक शंका. पीसीसीचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) घेताना आमच्यापैकी कुणी हजर असलं तर काय बघायचं?

विक्रम_स्ट्रक्चरल | ९.४०

मनःपूर्वक अभिनंदन. क्यूब १५० मिलिमीटरचे, तीन सात दिवसांचे आणि तीन अठ्ठावीस दिवसांचे. खडी आदल्या रात्री भिजवली होती का ते विचारू नका, सकाळी सातला जाऊन ढिगात हात घाला. आतून गार आणि ओली लागली पाहिजे, पण मुठीत धरल्यावर पाणी गळता कामा नये. क्यूब साच्यात भरले की ओल्या काँक्रीटवरच खिळ्याने तारीख आणि सोसायटीचं नाव कोरा. लॅबमध्ये क्यूब फोडताना एक माणूस पाठवा, आणि फुटलेला तुकडा हातात घेऊन आत पांढरं किंवा लाल काही दिसतंय का ते बघा, सुप्रियाताईंनी पाहिलं तसं.

कळवेकर | ९.५५

मेधाताई, सकाळी सातला जायला माणूस लागला तर सांगा. मी आता रिटायर आहे, कळव्याहून दहा मिनिटांत येतो.

नौपाड्याची_मेधा | १०.०२

नक्की या. पहिलं पीसीसी कधी ते ठरलं की इथेच लिहिते.